मेल्या, मुडद्या, लबाडा... तुमच्या घरात माया कशी बोलते?

माजघर

आमच्या आजीला एखाद्या नातवंडाचं फारच कौतुक वाटलं की ती आधी त्याला मारून टाकायची. तोंडाने. 'मेल्या, एवढा उंच कधी झालास रे?' 'मुडद्या, पहिला आलास आणि आत्ता सांगतोस होय?' आजी सातारकडची. वाड्यातल्या सगळ्याच बायका असं बोलायच्या, त्यामुळे आम्हा पोरांना त्यात वावगं काही वाटत नसे. उलट चुलतभावाला 'मेल्या' मिळालं आणि मला नुसतंच नावाने हाक आली, तर मला राग यायचा.

माझा नवरा भोपाळमध्ये वाढलेला मराठी. लग्नानंतर पहिल्यांदा आजीकडे गेलो तेव्हा हे ऐकून तो गारच पडला. त्याला मात्र आजीने शेवटपर्यंत 'अहो जावईबापू' म्हटलं, पाटावर बसवलं, ताटाभोवती रांगोळी काढली. सुरुवातीला स्वारी खूश होती. पुढे घरातली भाषा कळायला लागली तसं एकदा मला म्हणाला, 'मला कधी म्हणणार गं मेल्या?' तो मान काही त्याला मिळाला नाही.

तेव्हापासून डोक्यात एक किडा आहे. आपल्याकडे माया वाढली की मान कमी होतो आणि बिनसलं की मान वाढतो. पक्याला कोणी 'प्रकाशराव' म्हटलं की समजावं, उसने पैसे परत मागणार आहेत. आई एरवी 'चिमे', 'ठमे' म्हणणार. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं तिन्ही एका दमात घेतलं की आपण चप्पल शोधायची. नवरा-बायकोचं भांडण झालं की 'तू' म्हणणारी बायकोसुद्धा 'तुम्ही जेवून घ्या' म्हणते, आणि त्या 'तुम्ही'ने जेवण घशाखाली उतरत नाही.

आणखी एक पाहिलंय का? जिव्हाळा फारच दाटला की आपण मुलगा-मुलगी हा भेदच सोडून देतो. 'आलं का माझं बाळ? दमलं का? काय खाणारे ते?' समोर सहा फुटी, दाढीवाला इंजिनिअर असतो. आणि मुलगी आजारी असली की घरातल्या सगळ्या शिव्या बंद. आजीने 'मेले' म्हणायचं थांबवलं की मला वाटायचं, आपल्याला काहीतरी गंभीर झालंय.

तर लिहा. तुमच्याकडे काय म्हणतात, हाताने काय करतात, आणि कोणाला ते कधीच म्हणत नाहीत?

तळकोकणी

पहिलो मीच. आमच्याकडे 'मेल्या' हा शिवीत धरतच नाहीत, तो नमस्कार आहे. मुंबईहून गणपतीला घरी गेलं की खळ्यातूनच सुरू होतं : 'मेल्या, खंय होतंस इतके दिवस? माका वाटला इसारलंस आमका.' एवढं बोलून होईपर्यंत हातात पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आलेला असतो.

ते लिंगाचं तुमचं निरीक्षण बरोबर, पण मालवणीत ते फक्त लाडापुरतं नाही. आमचं 'चेडू' (मुलगी) मुळातच नपुंसकलिंगी. 'ता चेडू शाळेतसून येतला.' त्यामुळे पुण्यातली बायको पहिल्यांदा गावी आली तेव्हा 'माझ्याबद्दल हे लोक ते-ते असं का बोलतायत' म्हणून रुसली होती. समजावता समजावता आंगणेवाडीची जत्रा झाली.

चहाबाज

+१. मस्त धागा.

पुरुषांचं कोणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. आमच्यात दोनच खुणा. पाठीत धपाटा आणि 'दे टाळी'. कोणी चांगला विनोद केला की हात पुढे येतो, आणि त्या हातावर टाळी न देणं हा मोठा अपमान समजतात. कट्ट्यावर आमचा एक मित्र नोकरी गेल्यावर बरेच दिवस आला नाही. आला तेव्हा कोणी काही विचारलं नाही. एकाने त्याच्याच नोकरीवरून अत्यंत वाईट विनोद केला आणि हात पुढे केला. त्याने टाळी दिली. मग चहा आला.

आता यात काय शब्द टाकायचे?

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या अकोल्याकडे 'बे' लावल्याशिवाय दोस्ती लागतच नाही. 'काऊन बे, लय दिवसानं दिसून रायला?' हे जो म्हणत नाही तो मित्र नाही, ओळखीचा आहे. पुण्यात होस्टेलला पहिल्या आठवड्यात मी रूममेटला 'काय बे' म्हटलं तर तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला मान देऊन 'अहो' म्हटलं तर आणखीच घाबरला.

बायामाणसांत 'माय' चालतं. नात भेटायला आली की आजीच तिला म्हणते, 'माय माय, केवढी झाली वं पोट्टी!' नातीला 'माय' म्हणायचं, मुलाला 'बाप्पा' म्हणायचं. धाकट्याला थोरल्याचं नातं देऊन टाकणं हा आमचा लाड. माजघरताई, तुमच्या मान कमी होण्याच्या सिद्धांतात हे बसते का पाहा बरं.

माजघर

@वऱ्हाडी_ठेचा, बसत नाही, आणि म्हणूनच आवडलं. आमच्याकडेही बाबा मला 'काय गं आई' म्हणायचे, ते विसरलेच होते. म्हणजे मान कमी होतो असं नाही, मानाची रीतच मोडून टाकतात. खाली तरी ओढतात नाहीतर एकदम डोक्यावर बसवतात. जागच्या जागी ठेवतात ते परक्याला.

@तळकोकणी, 'ता चेडू' मस्तच.

स्पष्टवक्ती

धागा छान चाललाय, त्यात मिठाचा खडा टाकते. रागावू नका.

'आमच्यात बोलून दाखवत नाहीत हो, पण जीव फार असतो' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याची चीड येते. माझ्या वडिलांनी मला आयुष्यात एकदाही 'छान केलंस' म्हटलं नाही. डोक्यावरून हात फिरवल्याचं आठवत नाही. ते गेल्यावर दहाव्याला जो तो मला येऊन सांगत होता, 'फार अभिमान होता हो त्यांना तुमचा, बँकेत सगळ्यांना तुमचे मार्क सांगायचे.' बँकेतल्या शिपायाला माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं. मला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं.

आणि शिव्यांचं म्हणाल तर सासरी मलाही 'मेली' म्हणायचे. ती लाडाची नव्हती. शब्द तोच होता ना? मग बाहेरच्याने कसं ओळखायचं? लाडाची शिवी ही फार सोयीची गोष्ट आहे. घातली तर शिवी, कोणी जाब विचारला तर लाड.

लिमलेट

@स्पष्टवक्ती, दहाव्याचा परिच्छेद वाचून थांबले. आमच्याकडेही अगदी असंच.

चहाबाज

@स्पष्टवक्ती, दुसऱ्या मुद्द्याशी १००% सहमत. हेमावैम (हे माझे वैयक्तिक मत) : उलट शिवी घालता आली तर ती लाडाची. आजीला आपण 'तूच मेली' म्हणू शकायचो आणि ती हसायची. सासूला सुनेने तसं म्हणून बघावं.

माजघर

चहाबाज यांनी माझं काम केलं. वडिलांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि उगाच समजूत काढणारही नाही. न बोलण्याचं कौतुक करायला मी धागा काढलेला नाही, एवढंच म्हणते. आजी बोलायची, दिवसभर बोलायची. मुकी माया आणि वाकडी बोलणारी माया यात मला फरक वाटतो. वाकड्या बोलण्यात ऐकणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडतं.

भाकरतुकडा

तुम्ही सगळे शब्दांत अडकलात. हातांचं चहाबाज सोडून कोणी लिहिलंच नाही.

माझी मावशी (बार्शी) भेटली की आधी हनुवटीला हात लावते आणि तीच बोटं स्वतःच्या ओठांना लावते. मग दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर नेते आणि बोटं मोडते. कडाकडा. जितकी बोटं वाजतील तितकी दृष्ट लागली होती असा हिशेब. सगळी वाजली की ती कमालीची खूश होते, म्हणजे भाचा चारचौघांत उठून दिसतोय!

आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी दृष्ट. दोन्ही मुठींत मीठ, मोहरी, लाल मिरच्या. मी पूर्वेला तोंड करून पाटावर, ती वरून खाली ओवाळत पुटपुटणार : आल्यागेल्याची, वाटसराची, घरच्याची, दारच्याची... यादीत शेजारच्या काकूंचं नाव हळूच येतं, ते आम्ही ऐकलं नाही असं दाखवायचं. मग मागे न बघता चुलीत. मिरच्यांचा खाट उठला नाही की 'बघ, केवढी लागली होती!' उठला तर 'चला, फारशी नव्हती.' सकाळी एसटीला जाताना हातावर दही, आणि 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं.

शंकासुर

काडी टाकतो. मिरच्या ठसकणं न ठसकणं हे विस्तव किती पेटलाय आणि धूर कुठून जातोय यावर असतं. चुलीला चांगली ओढ असेल तर धूर वर जातो, ठसका लागत नाही. दृष्टीचा काही संबंध नाही. एकविसाव्या शतकात या अंधश्रद्धा मायेच्या नावाखाली खपवू नयेत. २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झालाय, आठवण असू द्या.

भाकरतुकडा

@शंकासुर, तो कायदा नरबळी, अघोरी प्रकार, भोंदूबाबा यांच्यासाठी आहे. मावशी पैसे घेत नाही. उलट शंभराची नोट खिशात कोंबते, तीही निघताना, दोघांची झटापट होऊन.

बाकी ठसक्याचं शास्त्र मान्य. मला दृष्ट लागते असं मीही मानत नाही. पण वर्षातून एकदा कोणीतरी पाच मिनिटं फक्त माझ्याकडे बघत उभं असतं, ते मी कशाला सोडू?

जातं

वाचनमात्र होते, लॉगिन करावं लागलं.

'आपल्याकडे बोलून दाखवत नाहीत' यावर एक भर. बोलून नसतील दाखवत, गाऊन दाखवत होत्या. जात्यावर. गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. 'पारी'च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर २०१७ पासून त्या एकेक करून येतायत, बायकांच्या आवाजातल्या ध्वनिफिती आणि व्हिडिओंसकट. ऐकाच.

त्यात मुलगा म्हणजे राघू, मुलगी मैना. भाऊ हौशा. लेकीची सासरी पाठवणी, भावाची वाट पाहणं, आईच्या हातची आठवण, सगळं मोकळेपणाने. ज्या बाईने दिवसा पोराला 'मुडद्या, उठ की' म्हणून हाकललं असेल, तीच पहाटे अंधारात त्याला राघू म्हणत होती. फक्त तो झोपलेला असायचा.

माझ्या आजीच्या ओव्या लिहून घ्यायच्या म्हणून आम्ही वही घेऊन बसलो तर तिला एकही आठवेना. मावसबहिणीने अडगळीतून जातं काढून पुढ्यात ठेवलं, आजीने खुंट्याला हात लावला आणि ती सुरू झाली. चक्की आली आणि हे बोलायची जागाच गेली असं मला वाटतं. दळण डब्यात घालून चक्कीवर पाठवलं, सोबत ओवी थोडीच जाणार.

लिमलेट

@जातं, सुरेख प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

दुसरी जागा पत्रांची. वडील मुंबईला गिरणीत होते. तोंडाने चकार शब्द नाही, पण अंतर्देशीय पत्रात आईला 'अनेक उत्तम आशीर्वाद' आणि खाली 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा'. ठरीव मायने होते, सगळेच लिहायचे, मान्य. 'तीर्थरूप' कोणाला, 'तीर्थस्वरूप' कोणाला, 'चि.' कोणाला, शाळेत मार्क होते त्याला. पण ठरीव असल्यामुळेच लाजऱ्या माणसाला ते लिहिता येत होतं. स्वतःचं काही शोधून काढायला लागलं असतं तर आमच्या बाबांनी फक्त मनीऑर्डरचा आकडा लिहिला असता.

आई ते पत्र आमच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. 'लोभ' आला की 'पुढे वाच' म्हणायची. नंतर पत्र तिच्या ट्रंकेत.

गोंयकार_मामा

आमच्याकडे निरोप घेताना 'मोग आसूं दी' म्हणतात. तुमच्या 'लोभ असावा'चा सख्खा भाऊ. फरक इतकाच की तुमचं पत्रातच राहिलं, आमचं तोंडी आहे. आणि कुठल्याही परक्या पोराला बाजारातली बाई 'पुता' म्हणते. मासळीचा भाव करताना 'पुता' ऐकलं की भाव उतरणार नाही हे समजून घ्यावं.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. आमचा लेक इथेच जन्मला. फोन ठेवताना सवयीने 'लव्ह यू आजी' म्हणतो. सुरुवातीला सासूबाई 'हो हो, जेवलास का?' म्हणायच्या. मग 'बरं बरं'. आता त्या 'लव्ह यू हो बाळा, आणि स्वेटर घाल' म्हणतात. स्वेटर काही सुटत नाही.

एक गंमत अशी की 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य आमच्या घरात कोणीच म्हणू शकत नाही. नवऱ्याला म्हणून पाहिलं तर तो म्हणाला, कोणत्या नाटकाची तालीम चाललीय? इंग्रजीत मात्र सगळे पटापट म्हणतात. मला यात काही चुकीचं दिसत नाही. टेबल म्हणतो, स्टेशन म्हणतो, तसं हेही घेतलं.

खलबत्ता

नवरा-बायकोवर आलोच आहोत तर आमच्या आजी-आजोबांचं सांगते.

आजीने आजोबांचं नाव कधी घेतलं नाही. बँकेत पेन्शनच्या कागदासाठी बाईंनी विचारलं, 'पतीचं नाव?' आजी माझ्याकडे बघायला लागली. 'सांग गं हिला.' बाई म्हणाल्या, तुम्हीच सांगा आजी, तसा नियम आहे. आजी काउंटरवर जी लाजली! शेवटी उखाणा घेतला. बँकेत. मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

पण हे गोड गोड झालं. खरं त्यांचं नातं सकाळी ऐकायचं. आजोबांचे सगळे दात पडलेले, विडा चावता येत नव्हता. आजी पितळी खलबत्त्यात त्यांचा विडा कुटून द्यायची. पान, अडकित्त्याने बारीक कातरलेली सुपारी, नखभर चुना, कात, बडीशेप. कुटताना अखंड तोंड चालू : 'दात गेले, अक्कल गेली, पानाची हौस गेली नाही. कवळी करून आणली ती घालायला काय होतं? मीच कुटत बसायचं.' प्रत्येक वाक्याला एक ठोका. आजोबा झोपाळ्यावर पेपर वाचत, 'चुना कमी घाल.' आजी : 'कमीच घालते चाळीस वर्षं!'

कवळी कपाटात होती. दोघांनाही माहीत होतं.

स्पष्टवक्ती

@खलबत्ता, हे आवडलं. खोटं बोलणार नाही.

पण विचारतेच : आजोबांनी आजीसाठी काय कुटलं?

खलबत्ता

@स्पष्टवक्ती, प्रश्न रास्त आहे. आठवून पाहिलं. आजी जेवल्याशिवाय ते आडवे व्हायचे नाहीत, ती शेवटी जेवायला बसली की स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसायचे, काही न बोलता. याला कुटणं म्हणावं का, तुम्ही ठरवा. खलबत्त्याच्या मानाने कमीच आहे.

स्पष्टवक्ती

कमी आहे. पण लिहिलंत ते बरं केलंत. मी परवा लेकीला बारावीच्या निकालावर तोंडावर सांगितलं, छान केलंस, मला तुझा अभिमान वाटतो. ती म्हणाली, 'आई, बरी आहेस ना?'

आळंदीवाला

वारीचं कोणी लिहिलं नाही म्हणून चार ओळी. वारीत ओळख नसलेला माणूस 'माउली' म्हणून हाक मारतो आणि पाया पडतो. आपण वाकायच्या आत तो वाकलेला असतो, मग आपणही. सत्तरीचे बाबा विशीतल्या पोराच्या पाया पडतात. नवख्याला फार अवघडल्यासारखं होतं. मग उराउरी भेट. वडिलांना मी कधी मिठी मारलेली नाही, पण वाखरीच्या रिंगणात त्यांनी मला उराशी धरलं होतं, कारण तिथे सगळेच सगळ्यांना धरतात.

आणि धागाकर्तीच्या शिव्यांना मोठा आधार आहे. जनाबाई प्रत्यक्ष विठ्ठलाला 'विठ्या' म्हणून हाक मारते आणि भांडते. रुक्मिणीच्या नवऱ्याला असं दुसरं कोण म्हणू शकतं?

माजघर

@आळंदीवाला, जनाबाई म्हणजे कोर्टात सादर करायचा पुरावाच दिलात. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, विठ्ठलाला मिळालं, मला नाही.

तळकोकणी

@माजघर, त्यांका गणपतीक आमच्याकडे पाठवा. स्टँडवरून घरापर्यंत चार जण तरी 'मेल्या' म्हणतील. ग्यारंटी.

एडिसनकर

एक शंका, जाणकारांनी मदत करावी. धागा वाचून भावनेच्या भरात काल लेकाची दृष्ट काढली. चूल नाही, गॅस नाही, इंडक्शनवर तवा तापवून त्यात मीठ-मोहरी-मिरच्या टाकल्या. स्मोक अलार्म वाजला, शेजारचे बाहेर आले, सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. ठसका सगळ्या मजल्याला लागला. म्हणजे दृष्ट नव्हती असं समजायचं का?

शंकासुर

मी काही बोलत नाही.

भाकरतुकडा

@एडिसनकर, मावशीला विचारलं. ती म्हणते फ्लॅटमध्ये मिरच्या जाळायच्याच नाहीत. नुसतं मीठ-मोहरी ओवाळा आणि बेसिनमध्ये टाकून नळ मोठा सोडा. जाळी आधी काढा, मोहरी अडकते. आणि शेजाऱ्यांचं नाव यादीत घ्यायला विसरू नका.